घटिका मोजणारे मंडल

घटिकापात्र हे कालमापनाचे जुने भारतीय साधन होय. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडीत. ते हळूहळू भरून 24 मिनिटांनी, म्हणजेच एका घटिकेने, बुडे. परंतु ते बुडाले हे पाहावयास कोणीतरी जवळ बसून राहणे आवश्यक असे. संगणकाच्या प्रक्रियकापुढे हाच प्रश्न उभा राहतो. ठराविक अवधी मोजण्यासाठी त्यास एखादी निरर्थक आज्ञा हजारो वेळा पाळावयास लावता येते. पण तेवढा काळ तो अन्य कोणत्याही कामाचा राहत नाही, आणि मध्येच निकडीचे दुसरे काम उद्भवल्यास मोजलेला अवधीही लांबतो. म्हणून मापनयंत्रे व संगणक यांना जोडणाऱ्या इंटरफेस बोर्डावर मोजणीचे काम एका स्वतंत्र मंडलाकडे सोपविलेले असते.

इंटेल कंपनीची 8253 ही चिप व तिची सुधारित आवृत्ती 8254 ही अशा मंडलांची सर्वपरिचित उदाहरणे आहेत. या चिपमध्ये तीन स्वतंत्र गणित्रे असतात. प्रत्येक गणित्रास तीन तारा जोडलेल्या असतात: एकीतून स्पंद आत येतात, दुसरी मोजणी चालू वा बंद करणाऱ्या द्वाराचे काम करते, आणि तिसरीतून निकाल बाहेर पडतो. प्रक्रियक प्रथम नियंत्रण-शब्द धाडतो; कोणते गणित्र सहांपैकी कोणत्या रीतीने चालवावयाचे हे त्यावरून ठरते. त्यामागून आरंभीचा अंक येतो. पुढे दर स्पंदास तो अंक एकाने घटत जातो. मोजणी उलटी ठेवण्यात सोय आहे. आरंभ कोणत्याही अंकापासून झाला तरी शेवट शून्यावरच व्हावयाचा, आणि शून्य ओळखणारी एकच रचना सर्व अंकांना पुरते.

चिपला काळाचे ज्ञान नसते. ती केवळ स्पंद जाणते. स्फटिकाकडून नियमित स्पंद येऊ लागले की ती कालमापक ठरते, आणि कारखान्यातील पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांनी ते निर्माण केले की तीच नुसती मोजदाद करते.

गणित्र 16 बिटांचे असल्याने त्याची मजल 65,536 पर्यंतच जाते. सेकंदास 10 लाख स्पंद येत असतील, तर सेकंदाचा पंधरावा हिस्साही धड मोजून होत नाही. मग एक घटिका कशी मोजावी? तिच्यात असे 144 कोटी स्पंद मावतात. येथे एका गणित्राचा निकाल दुसऱ्यास स्पंद म्हणून पुरवितात. पहिल्याने दर 40,000 स्पंदांस एक स्पंद बाहेर सोडावा. सेकंदास 25 स्पंद उरतात. दुसऱ्याने असे 36,000 मोजले की घटिका भरली! त्या क्षणी बाहेरची तार संकेत देते व प्रक्रियक हातातील काम थांबवून तिकडे वळतो. मात्र या दुसऱ्या रीतीत पहिला स्पंद दिलेला अंक उचलून घेण्यातच खर्ची पडतो. तेव्हा गणित्रास 35,999 हा अंक द्यावा लागतो.

1981 साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात 8253 हीच चिप होती. तिला सेकंदास सुमारे 11,93,182 स्पंद मिळत. हा विचित्र आकडा अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणीच्या कंप्रतेवरून आला होता; भारतीय दूरदर्शनची रंगपद्धती निराळी असली, तरी येथे आलेल्या यंत्रांतही तोच राहिला. पहिले गणित्र 65,536 ने भागून सेकंदास सुमारे 18.2 ठोके देई व त्यावर यंत्राचे घड्याळ चाले. दुसरे गणित्र स्मृतीला वेळोवेळी उजाळा देण्याच्या कामी गुंतलेले असे. तिसरे ध्वनिक्षेपकाला जोडलेले होते. त्यास 2,712 हा अंक दिला की जवळजवळ 440 कंपनांचा सूर उमटे.

खरी अडचण चालू गणित्रातील अंक वाचताना येते. अंक दोन बाइटांचा, पण चिपकडून एका वेळी एकच बाइट मिळतो. गणित्रात 256 असताना खालचा बाइट वाचला, तर शून्य मिळते. वरचा बाइट वाचेपर्यंत एक स्पंद येऊन अंक 255 झाला, की तेथेही शून्यच हाती येते. प्रक्रियकाच्या लेखी मोजणी संपली. प्रत्यक्षात अडीचशेहून अधिक स्पंद शिल्लक आहेत. हा प्रमाद क्वचितच घडतो, आणि म्हणूनच तो शोधून काढणे अतिशय कठीण जाते. यावर उपाय म्हणून चिपला आधी अंक धरून ठेवण्याची आज्ञा देतात. त्या क्षणीच्या अंकाची प्रत बाजूला ठेवली जाते, मोजणी अखंड चालू राहते, आणि प्रक्रियक ती प्रत सावकाश वाचतो. तरीही एक फट उरते. पहिला बाइट वाचल्यावर दुसऱ्या कामाने व्यत्यय आणला व त्या कामानेही हेच गणित्र वाचले, तर बाइटांची सरमिसळ होते. त्यामुळे दोन्ही बाइट हाती येईपर्यंत व्यत्यय-संकेत रोखून धरण्याची आज्ञा कार्यक्रमात आधीच लिहावी लागते.