दिवेलागणीचे पहिले तारे : ओळख आणि उपयोग

रत्नागिरी जिल्ह्यात सूर्य समुद्रात बुडाला, गुरे गोठ्यात परतली, की दिवेलागणीस आकाशात एक-दोन ठळक ज्योती दिसू लागतात. ती चांदणी कोणती, तारा की ग्रह, हे मात्र पुष्कळांस सांगता येत नाही. याच जिल्ह्यात दापोलीजवळील मुरूड गावी १८५३ साली जन्मलेले ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सामान्य मराठी वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ हा ग्रंथ लिहिला. शेतकऱ्याचा पावसाळा नक्षत्रांच्या नावांनीच मोजला जातो. तेव्हा ही ओळख त्यास विशेष उपयोगी आहे.

ग्रह कसा ओळखावा?

तारा लुकलुकतो, ग्रहाचा प्रकाश बहुधा स्थिर असतो. ग्रह नेहमी सूर्य-चंद्राच्या मार्गाजवळच आढळतात. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे १० अंश व्यापते. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे, म्हणजे पावणेपाच मुठींपलीकडे, कधीच जात नाही. म्हणून सायंकाळी तो पश्चिमेसच दिसतो. काही महिन्यांनी मावळून पुढे पहाटे पूर्वेस दिसू लागतो. बुध त्याहूनही सूर्याजवळ राहतो व थोडाच वेळ दिसतो. संध्याकाळी पूर्वेस तेजस्वी, स्थिर ज्योत दिसली तर ती शुक्र नव्हे. बहुधा गुरू असतो. मंगळ तांबूस असतो, परंतु रोहिणीचा ठळक ताराही तांबूस असल्याने तेथे फसगत होते. शनी फिकट पिवळसर व संथ आहे. एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे काढतो.

कोणत्या महिन्यात कोणता तारा?

सूर्यास्तानंतर सुमारे पाऊण ते एक तासाने आकाश पाहावे. नोव्हेंबरात वायव्येस अभिजित व पश्चिमेकडे उंचावर श्रवण दिसतो. पूर्वेस कृत्तिकांचा पुंजका वर येतो. जानेवारीत पूर्वेस मृग असतो. त्याच्या पोटातील एका रेषेतील तीन तारे ओळखले की पुढील काम सोपे होते. ती रेषा एका बाजूस वाढविली असता व्याध सापडतो, तर दुसऱ्या बाजूस रोहिणी. व्याध हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा होय. मार्चच्या मध्यास मृग माथ्याजवळ येतो आणि दक्षिण क्षितिजापासून दोन मुठी उंचीवर अगस्त्य झळकतो. मे महिन्यात पूर्वेस नारिंगी स्वाती व आग्नेयेस शुभ्र चित्रा दिसते. ध्रुव मात्र बारमाही उत्तरेस, क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर असतो. कारण रत्नागिरीचा अक्षांश सुमारे १७ अंश आहे.

‘मृग लागला’ म्हणजे काय?

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मृग लागला’ म्हणजे मृगाचे तारे आकाशात उगवले असे नव्हे, तर सूर्य त्या नक्षत्रात गेला. त्यामुळे ७-८ जूनच्या सुमारास मृग सूर्याबरोबरच उगवतो व मावळतो आणि दिसूच शकत नाही. मेच्या मध्यास तो सायंकाळी पश्चिमेस समुद्रावर टेकलेला दिसतो, पुढे नाहीसा होतो. उलट डिसेंबरात, पाऊस संपून गेल्यावर, तो सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेस उगवतो. मार्गशीर्षाची पौर्णिमा याच नक्षत्राजवळ होते. म्हणून त्या मासास ते नाव मिळाले.

सूर्य एका नक्षत्रात सुमारे साडेतेरा दिवस राहतो. यावरून ऋतूचा अंदाज मिळतो, पावसाचा दिवस मिळत नाही. शिवाय अयनचलनामुळे नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. पाऊस येतो तो समुद्रावरील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर. वारे कधी लवकर पोहोचतात, कधी रेंगाळतात.

पेरणीची घाई नको

वळवाची एखादी सर पडली, तिथीही मृगाची आहे, एवढ्यावरून भाताचा तरवा पेरला आणि पुढे उघडीप पडली, तर रुजलेले बी करपते. बी गेले, मजुरी गेली आणि लावणीही लांबली. धूळवाफेत कोरडी पेरणी करणाऱ्यांनी थोडे बी राखून ठेवावे. इतरांनी जमिनीत पुरेशी ओल झाल्याची खात्री करावी आणि भारतीय हवामान विभागाचा अंदाज व दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला विचारात घेऊनच पेरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हिवाळ्यात एखाद्या निरभ्र संध्याकाळी शाळेच्या पटांगणात शेतकऱ्यांस व मुलांस जमवावे आणि मृग, व्याध, रोहिणी प्रत्यक्ष दाखवावीत. ज्याने डिसेंबरात मृग डोळ्यांनी पाहिला, त्यास जूनमधील मृगाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही. पंचांगाने हंगाम ओळखावा. पेरणी मात्र जमिनीची ओल पाहूनच करावी.