अमर योद्ध्याचं दुःख : ‘हायलँडर’ पुन्हा पाहताना

१९८६ साली आलेला ‘हायलँडर’ अमेरिकेत साफ आपटला. दीड कोटी डॉलरहून अधिक खर्चाच्या या चित्रपटाला तिथे ६० लाखांचाही गल्ला जमवता आला नाही. पण व्हिडिओ कॅसेटींनी त्याला हात दिला, घरोघरी त्याचे भक्त तयार झाले, आणि १९९२ मध्ये सुरू झालेली त्यावरची टीव्ही मालिका सहा वर्षं चालली.

गोष्ट कॉनर मॅक्लाउडची. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला हा तरुण १५३६ च्या लढाईत तलवार आरपार जाऊनही मरत नाही. सैतानाची करणी समजून गावकरी त्याला हाकलून देतात. पुढे त्याला कळतं, की असे अमर आणखीही आहेत. शिर धडावेगळं झालं तरच ते मरतात, मारणाऱ्याला मेलेल्याचं बळ मिळतं, आणि शेवटी एकच उरायचा असतो. १९८५ च्या न्यूयॉर्कमध्ये कॉनर जुन्या वस्तूंचा व्यापारी होऊन राहतो आणि कर्गन हा क्रूर योद्धा त्याच्या मागावर येतो.

चित्रपटातल्या चुका ढळढळीत आहेत. स्कॉटिश नायक झालाय फ्रेंच बोलत वाढलेला क्रिस्टोफर लँबर्ट. आणि अस्सल स्कॉटिश शॉन कॉनरी मात्र स्पेनहून आलेला, मूळचा इजिप्तचा, कॉनरचा गुरू रामिरेझ! रामिरेझची कताना, म्हणजे जपानी तलवार, म्हणे इसवी सनपूर्व ५९३ मध्ये मासामुने या जपानी कारागिराने घडवली. खरा मासामुने त्यानंतर अठराशेहून अधिक वर्षांनी होऊन गेला. पार्किंगमधल्या पहिल्याच द्वंद्वात प्रतिस्पर्धी, जीव धोक्यात असताना, उगाच कोलांट्या मारत सुटतो. शेवटी विजेत्याला मिळणारं बक्षीसही मोघमच.

तरी चित्रपट खिळवून ठेवतो, तो दिग्दर्शक रसेल मल्काही यांच्या नजरेमुळे. हे ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक म्युझिक व्हिडिओंमधून आलेले. १९८१ मध्ये एमटीव्हीवर लागलेला पहिला व्हिडिओ त्यांचाच. इथे कॅमेरा पार्किंगच्या छतातून वर चढतो, तो थेट चार शतकांपूर्वीच्या स्कॉटलंडमध्ये निघतो. मत्स्यालयातलं पाणी बघता बघता तळ्याचं होतं. ज्याला चारशे वर्षं आठवतात, त्याला काल आणि आज असेच एकमेकांना लागून दिसणार. चित्रीकरणात तलवारी तारांनी बॅटरीला जोडल्या होत्या, त्यामुळे पातं पात्याला भिडलं की खऱ्याच ठिणग्या उडतात.

पण चित्रपटाचा जीव आहे कॉनरच्या बायकोच्या, हेदरच्या प्रसंगात. रामिरेझ कॉनरला बजावतो, तिला सोडून जा, नाहीतर पुढे सहन होणार नाही. कॉनर जात नाही. हेदर म्हातारी होत जाते, हा तसाच तरुण. तिला उचलून नेताना, तिच्या शेवटच्या घटकेला तिच्याजवळ बसलेला असताना क्वीन या बँडचं गाणं वाजतं. ते ब्रायन मेने लिहिलं आणि गायलं पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने. जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा आपल्याला ठाऊक आहे. अमरपणाचा शाप आपल्या कथांना नवा नाही, पण अश्वत्थाम्याच्या अंगावर पापाचं ओझं आहे. कॉनरचा गुन्हा काहीच नाही. त्याने फक्त माया केली.

म्हणूनच पाहायचा तर दुसऱ्या महायुद्धाचा प्रसंग असलेली आवृत्ती पाहावी. अमेरिकेतल्या मूळ प्रदर्शनात तो कापला होता. नाझींच्या तावडीतून कॉनरने वाचवलेली चिमुरडी रेचल न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासोबत काम करते, आणि आता दिसायला त्याच्याहून कितीतरी मोठी आहे. हेदरचं दुःख इथे बापलेकीच्या नात्यात पुन्हा उभं राहतं. तो प्रसंग गाळला, की रेचलच्या निरोपातला अर्थच निघून जातो.

१९९१ च्या दुसऱ्या भागाने हे अमर परग्रहावरून आले असं सांगून कोडं सोडवायचा प्रयत्न केला आणि होतं ते हातचं घालवलं. अमर कुठून आले, याच्याशी पहिल्या चित्रपटाला कर्तव्यच नव्हतं. माणसं एकेक करून निघून जात असताना मागे उरणाऱ्याने जगायचं कसं, हे त्याने मनापासून विचारलं. त्या एका प्रश्नासाठी त्याच्या बाकीच्या चुका मी आनंदाने पदरात घेतो.