मुळाशी आलेले कुरळे केस आणि सिरॅमिकचा स्ट्रेटनर



लग्नसराई उलटून काही महिने झाले की आमच्या आरोग्य शिबिरांत एक प्रश्न हमखास येतो. पार्लरमध्ये स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग करून घेतलेले असते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन-चार महिन्यांत मुळाशी दोन बोटे नवे केस येतात आणि ते जन्मजात कुरळेच असतात. मुळाशी कुरळे, खाली सरळ. पार्लरवाली म्हणते, पुन्हा केमिकल लावा. मुली आम्हाला विचारतात, त्याऐवजी सिरॅमिकचा स्ट्रेटनर घेतला तर चालेल का, आणि घ्यायचा तर कोणता?

थोडक्यात उत्तर असे : चालेल. मात्र तो फक्त नव्या केसांपुरता वापरायचा, कमी तापमानावर वापरायचा, आणि ज्याच्यावर तापमानाचा आकडा दिसतो असाच घ्यायचा. याची कारणे समजून घेऊ.

केमिकल काय करते, उष्णता काय करते?

केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यांचा आकार दोन प्रकारच्या बंधांवर टिकतो. गंधकाचे बंध पक्के, हायड्रोजनचे बंध कच्चे. रिबाँडिंगचे क्रीम पक्के बंध तोडते आणि केस सरळ केल्यावर दुसरे औषध ते पुन्हा जोडते. म्हणून तेवढा केस कापून टाकेपर्यंत सरळ राहतो. त्याची किंमत म्हणजे केसाची ताकद कमी होते.

स्ट्रेटनर फक्त कच्चे बंध सैल करतो. हवेतला ओलावा किंवा घाम लागला की ते पुन्हा पूर्ववत होतात. म्हणून मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात सकाळी सरळ केलेले केस संध्याकाळी वळतात. यात यंत्राचा दोष नाही. उलट हाच फायदा आहे, कारण तापमान आवाक्यात ठेवले तर नव्या केसाचे पक्के बंध शाबूत राहतात.

खरा धोका सांध्यावर असतो. जिथे नवा दणकट केस संपतो आणि केमिकल लावलेला कमजोर केस सुरू होतो, तिथेच केस जास्त तुटतात. जुन्या भागावर पुन्हा केमिकल लावले किंवा तापलेली पट्टी रोज मुळापासून टोकापर्यंत ओढली, तर नुकसान त्याच भागाचे होते.

आफ्रिकन-अमेरिकन भगिनींचा अनुभव

हा प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसमोर आहे. केस सरळ करण्याच्या केमिकलला तिकडे रिलॅक्सर म्हणतात. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा त्याच जातीचे तीव्र अल्कली असते. आपल्याकडच्या रिबाँडिंगचे रसायन वेगळे आहे. ही दोन्ही एकाच केसावर कधीही लावू नयेत, केस तुटून हातात येतात.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३३ हजारांहून अधिक स्त्रियांवर सुमारे अकरा वर्षे लक्ष ठेवले होते. केस सरळ करण्याची केमिकल कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के आढळले. यावरून केमिकलनेच कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही, आणि घाबरून जाण्याचेही कारण नाही. पण ‘दर तीन महिन्यांनी लावा’ हा सल्ला डोळे झाकून ऐकण्यासारखा नाही, एवढे नक्की.

केरॅटिन ट्रीटमेंटचेही तसेच आहे. काही द्रव्यांतून गरम पट्टी फिरवताना फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. हा वायू कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. गिऱ्हाईक तो वर्षातून एक-दोनदा हुंगते, पार्लरमध्ये काम करणारी मुलगी रोज हुंगते. आपल्या वस्तीतल्या किती मुली हे काम करतात हे आपण जाणतोच. त्यांनी खिडकी उघडी ठेवण्याचा आणि डब्यावरचे घटक वाचण्याचा आग्रह धरावा.

स्ट्रेटनर निवडताना

१) सिरॅमिक म्हणजे थंड नव्हे. सिरॅमिकची १८० अंशांची पट्टी आणि धातूची १८० अंशांची पट्टी केसाला सारखीच गरम. सिरॅमिकचा गुण एवढाच की उष्णता पट्टीभर सारखी पसरते, एखादा भाग जास्त तापून तेवढाच केस करपत नाही. टायटॅनियमची पट्टी झटकन खूप तापते. केमिकल लावलेल्या केसांना आणि नवख्या हातांना ती नको.

२) पूर्ण सिरॅमिक की नुसता मुलामा? बऱ्याच स्वस्त यंत्रांत धातूवर सिरॅमिकचा पातळ मुलामा असतो. तो खरवडला की खालचा धातू उघडा पडतो आणि केस अडकतात. खोक्यावर ‘सिरॅमिक कोटेड’ लिहिले असेल तर तो मुलामा समजा. परवडत नसेल तर मुलाम्याचाही चालेल, पण टवका उडाला की वापरणे बंद करा.

३) तापमानाचा आकडा हवा. नुसते चालू-बंदचे बटण असलेल्या यंत्रात तापमान ठरलेले असते, पुष्कळदा दोनशे अंशांच्या आसपास. केमिकल लावलेल्या केसांना ते फार होते. १२० पासून वर नेता येईल असे यंत्र घ्या. टूर्मलिन, आयन अशा शब्दांसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा या सोयीसाठी मोजा.

४) पट्टी अरुंद हवी. मुळाशी काम करायचे तर एक इंच किंवा त्याहून कमी रुंदीची, गोल कडांची पट्टी बरी. रुंद पट्टीने डोक्याची कातडी आणि कान भाजतात.

५) दुकानातच तपासा. यंत्र थंड असताना पट्ट्या मिटून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर केस नीट दाबला जाणार नाही आणि तुम्ही पुन्हा पुन्हा फिरवाल. पट्टीवरून रुमाल फिरवा, धागा अडकला तर केसही अडकेल.

६) विजेचे पाहा. आयएसआय खूण, आपोआप बंद होण्याची सोय आणि पिळ न पडणारी फिरती वायर आहे का ते बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी भेट पाठवला असेल तर आधी व्होल्टेज वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. यंत्रावर १००-२४० लिहिलेले नसेल तर ते इथे लावू नका.

वापरताना

केस धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या केसावर गरम पट्टी ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि केस तिथेच मोडतो. चर्र असा आवाज आला तर थांबा. खोबरेल तेल लावून पट्टी फिरवू नका. उष्णतेपासून जपणारे सीरम थोडेसे लावा.

बोटभर रुंदीची बट घ्या. कातडीपासून अर्धा इंच सोडून पट्टी धरा आणि नवा केस संपेपर्यंत एकदाच, न थांबता फिरवा. सांध्यापाशी पट्टी सोडा. बारीक केसांना १२० ते १५० अंश, मध्यम केसांना १५० ते १७० अंश पुरतात. जाड, दाट कुरळ्या केसांनाही १८० च्या वर जाऊ नका. कमी आकड्यापासून सुरुवात करा. आठवड्यातून एकदा पुरे. करपल्याचा वास आला, सांध्यावर केस तुटू लागले किंवा डोक्यावर फोड, खाज, जखम असेल तर बंद करा.

भाजले तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा डोळ्याजवळ भाजले असेल तर दवाखाना गाठा. वापर झाल्यावर प्लग काढा आणि पूर्ण थंड होईपर्यंत लेकरांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवा.

शेवटी एक गोष्ट

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितले होते की अस्पृश्यतेची ओळख पटवणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा. ती शिकवण ताठ मानेने जगण्याची होती, कुणासारखे तरी दिसण्याची नव्हती. अमेरिकेत कुरळ्या केसांमुळे नोकरीत आणि शाळेत भेदभाव होई. तो बेकायदा ठरवणारा ‘क्राउन’ कायदा २०१९ मध्ये प्रथम कॅलिफोर्निया राज्याने केला. तिथल्या भगिनींना केसांसाठीही लढावे लागले.

तेव्हा हौस म्हणून केस सरळ करायचे असतील तर खुशाल करा, वर सांगितलेली काळजी घेऊन करा. पण ‘झिपरी’ म्हणून कुणी हिणवले म्हणून करत असाल, किंवा पाहुणे बघायला येणार म्हणून घरचे भाग पाडत असतील, तर जरा थांबा. सांध्याखालचे केस हळूहळू कापत गेलात तर वर्ष-दोन वर्षांत सगळे केस पुन्हा स्वतःचे होतात. तथागतांनी कालामांना सांगितल्याप्रमाणे कुणी सांगितले म्हणून मानू नका, आमचेही नाही. पारखून पाहा, हिताचे वाटले तरच घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम.