स्टेशनाचे नाव मिळालेली संख्या

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल बेगडेवाडी सोडते आणि तळेगावच्या आधी घोरावाडीला क्षणभर थांबते. या लहानशा स्टेशनावर उतारूंची करमणूक ती कसली? एखादी मालगाडी धडधडत गेली, तर वाघिणींवरचे आकडे वाचावेत, एवढीच! पण वाचकहो, हा उद्योग अगदीच रिकामा समजू नका. याच लोहमार्गाने घाट उतरून मुंबईकडे गेले की डोंबिवली लागते. तिचे जुने नाव डेमलो. तेथेच दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना एका जातीच्या संख्यांचा शोध घेण्याची कल्पना सुचली आणि त्यांनी त्यांना नाव दिले, डेमलो संख्या!

१९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या या संख्यांपैकी सर्वांत डौलदार ही पाहा:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी! ‘लीलावती’तल्या एकं, दहं, शतंच्या जपात शेवटचे घर परार्धाचे, ही संख्या त्याच्या अलीकडच्या ‘मध्य’ या घरापर्यंत पोचते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच.

ती घडते कशी? नऊ एक ओळीने लिहून त्या संख्येला तिनेच गुणा. गुणाकारात त्याच एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याच्या पायऱ्याच जणू! टोकाच्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, असे चढत मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि मग उतरण लागते. हातचा कोठेच येत नाही, म्हणून किल्ला सुबक उभा राहतो.

आता आतले भुयार पाहू. या संख्येचे मूळ अवयव तीनच: ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. तिच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो! अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही पूर्ण वर्ग, १२३४५६७९ चा! त्यात आठ तेवढा गळालेला.

पदवीपलीकडे शिक्षण नाही, हाताशी कागद-पेन्सिल. तेव्हा ‘हा पोरखेळ’ म्हणणारे विद्वानही होतेच. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले आणि मास्तरांची कीर्ती जगभर गेली. तेव्हा निवृत्तीला तेरा वर्षे लोटली होती. १९८६ साली ते वारले.

फराळानंतर मुलांना घेऊन दहा एकांचा वर्ग काढून पाहा. उत्तर येईल १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा जमले, हातचा आला आणि किल्ला ढासळला! तो कसा ढासळला, हे मुलांनी आपणहून सांगितले, तर समजावे की देवळालीच्या मास्तरांचा तास अजून सुटलेला नाही.