पिलाचा दिनक्रम
कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिलू घरी आले की आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात, आणि पुष्कळदा त्या अजाण जिवाची रवानगी रस्त्यावर होते. वस्तुतः या वयात त्याला लघवी दोन-तीन तासांपलीकडे आवरतच नाही. म्हणून झोपेतून उठताच, खाणे वा खेळ झाल्यावर आणि निजण्यापूर्वी त्याला परसातील एकाच ठरलेल्या जागी न्यावे. खाणे नेमक्या वेळी दिल्यास शौचाची वेळही आपोआप ठरते. रात्रीही एकदा उठावे लागते. हौस मुलांची, जागरण वडीलमंडळींचे! काम उरकताच तेथल्या तेथे शाबासकी द्यावी. मागाहून मारणे किंवा घाणीत नाक घासणे क्रूर तर खरेच, शिवाय व्यर्थही होय. त्यातून पिलू लपून घाण करावयास तेवढे शिकते. घरातील ओली जागा मात्र स्वच्छ धुवावी. वास राहिल्यास ते पुन्हा तेथेच जाते.