शिध्यावर उभं राहिलेलं साम्राज्य
लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण सुमेरच्या नगरराज्यांपाशी थांबलो होतो. ऊर, उरुक, लगश, उम्मा. प्रत्येकाचा देव वेगळा, शिवार वेगळं. लगश आणि उम्मा यांचा शेताच्या बांधावरून आणि पाटाच्या पाण्यावरून चाललेला तंटा तर कित्येक पिढ्या मिटला नव्हता. इ.स.पू. २३३४च्या सुमारास हे सारं एका माणसाच्या हुकमाखाली यायला सुरुवात झाली. त्याचं नाव सार्गोन, आणि त्याची राजधानी अक्कद, म्हणजेच अगादे. त्यानं उरुकचा राजा लुगालझागेसी याला हरवलं आणि मानेत जोखड अडकवून निप्पूरला एन्लिल देवाच्या दारात उभं केलं.

सार्गोन म्हणजे ‘शर्रुकिन’, खरा राजा. जन्मानं राजा असलेल्याला असं नाव घ्यावं लागत नाही. आईनं टोपलीत घालून नदीत सोडलेलं हे मूल एका पाणक्याला सापडलं, अशी त्याची कथा आहे. ती वाचताना आपल्याला कर्ण आठवतोच. पण ज्या प्रतींतून ती आपल्यापर्यंत आली, त्या सार्गोननंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या आहेत.

मला मात्र त्याच्या शिलालेखातली एक साधी नोंद फार मोलाची वाटते. रोज ५४०० माणसं आपल्यासमोर जेवतात, असं तो अभिमानानं सांगतो. शेतात न राबणारी, राजाच्या अन्नावर जगणारी एवढी माणसं म्हणजे कायमची फौज आणि दरबार. त्यांना रोज शिधा हवा, शिध्याला जव हवा, आणि तो दूरदूरच्या शिवारांतून गोळा व्हायला हवा. साम्राज्याचं खरं यंत्र इथं आहे.

म्हणूनच अक्कदच्या काळात माप एक झालं. आपल्याकडे गावागणिक पायली वेगळी असायची, तशीच तिथंही मापं वेगवेगळी होती. आता ‘अक्कदचा गुर’ आला. एक गुर म्हणजे ३०० सिला, आणि सिला म्हणजे आजच्या लिटरच्या आसपास. पुढं कारभाराच्या नोंदी अक्कदी भाषेतही होऊ लागल्या. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती मुलूख, हे या कारभाऱ्यांना पक्कं कळलं होतं. सार्गोनच्या राजधानीच्या धक्क्याला मेलुहाची गलबतं लागत. हे मेलुहा म्हणजे बहुधा आपला सिंधूकाठचा प्रदेश. मेलुहाच्या भाषेचा दुभाषी असलेल्या शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्राही सापडली आहे.

पण जिंकलेल्या नगरांनी हे मनापासून कधीच मान्य केलं नाही. सार्गोनचा मुलगा रिमुश गादीवर येताच बंडं पेटली. नातू नरामसिनवर तर चहूकडून उठाव झाला. एका वर्षात नऊ लढाया जिंकल्याचं तो सांगतो. त्यानंतर राजधानीच्या लोकांनी त्याला देव मानून त्याचं मंदिर बांधलं, असं त्याचाच लेख म्हणतो. त्याच्या विजयशिलेवर त्याच्या शिरस्त्राणाला शिंगं आहेत, आणि शिंगं हे तिथं देवत्वाचं चिन्ह होतं.

मग हे सारं कोसळलं कशानं? ‘अगादेचा शाप’ या सुमेरी काव्यात उत्तर सोपं आहे. नरामसिननं निप्पूरचं एकुर मंदिर पाडलं, एन्लिल कोपला आणि त्यानं डोंगरातले गुती लोक धाडले. पुरावा याच्या उलट आहे. नरामसिननं ते मंदिर पाडलं नाही, नव्यानं बांधायला घेतलं, आणि त्याचा मुलगा शारकालिशर्री यानं ते काम पुढं नेलं. राज्य खरं ढासळलं तेही या मुलाच्या काळात. निप्पूरच्या शाळांतली पोरं मात्र पुढं शतकानुशतकं तो ‘शाप’ गिरवत राहिली. हा अन्याय मला खटकतो.

आजचे संशोधक दुष्काळाकडे बोट दाखवतात. उत्तर सीरियातल्या तेल लैलानला हार्वी वाइस यांनी उत्खनन केलं. तिथली शेती पावसावरची, आणि अक्कदी कारभाऱ्यांनी हे शहर जव गोळा करण्यासाठी हाताशी धरलेलं. इ.स.पू. २२००च्या सुमारास ते ओस पडलं. त्या काळात पाऊस घटल्याच्या खुणा अनेक ठिकाणी मिळतात. तरीही एकट्या दुष्काळानं सगळं झालं, हे मला पटत नाही. त्याच भागातलं उर्केश नगर टिकून राहिलं. अक्कदचा शिधा लांबच्या कोठारांवर अवलंबून होता. उत्तरेतली कोठारं आटली, दक्षिणेतली नगरं संधीची वाट पाहतच होती, आणि गुती दाराशी आले. इ.स.पू. २१५४च्या आसपास राजघराणं संपलं. ही राजधानी नेमकी कुठं होती, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

पण आठवण बुजली नाही. इ.स.पू. सहाव्या शतकात बॅबिलोनचा राजा नबोनिदस यानं सिप्पारच्या सूर्यमंदिराचा पाया खणला. खाली नरामसिनचा पायाभरणीचा लेख निघाला. हा ३२०० वर्षं कुणी पाहिला नव्हता, असं नबोनिदसनं मोठ्या आनंदानं लिहून ठेवलं. त्याचा हिशेब दीड हजार वर्षांनी चुकला होता.