पाण्यावरची स्कूटर: बसण्याआधी एवढं बघूया

दिवाळीची सुट्टी लागली, नाताळ जवळ आला, की आपल्या आकुर्डीतून गाड्या भरून माणसं कोकणाकडे निघतात. कुणी नागावला, कुणी काशीद-मुरूडला, ज्यांना दोन दिवस जास्त मिळतात ते थेट तारकर्ली-देवबागला. सोसायटीचा ग्रुप असतो, भिशीच्या मैत्रिणी असतात, बचत गटाची वर्षाची सहल असते. किनाऱ्यावर पोचलं की पाण्यात भर्रकन फेऱ्या मारणारी वॉटर स्कूटर दिसते आणि मुलं मागे लागतात, "आई, एक राउंड!" आपणही ओढणी कमरेला बांधतो आणि बसतो.

बसायला हरकत नाहीच. मजा करायलाच आपण एवढ्या लांब जातो. पण या वाहनाची गंमत आणि धोका दोन्ही कशात आहे, हे बसण्याआधी ठाऊक असावं, म्हणून आज त्यावर बोलूया.

आपण स्कूटरच्या गावच्या बायका. चेतक इथेच आकुर्डीत तयार होत होती. आज आपल्यातल्या कितीतरी जणी दुचाकीवरून कामावर जातात, मुलांना क्लासला सोडतात. म्हणून वॉटर स्कूटर दिसली की वाटतं, हँडल आहे, सीट आहे, रेस आहे, म्हणजे आपल्याला जमेल. ज्याला आपण सर्रास 'जेट स्की' म्हणतो, ते खरं तर कावासाकी कंपनीच्या वाहनाचं नाव. हो, तीच कावासाकी, जिचं नाव आपण बजाजच्या जोडीने मोटरसायकलवर वाचत आलो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ते नाव बाजारात आणलं आणि पुढे सगळ्याच कंपन्यांच्या वाहनांना लोक तेच म्हणू लागले. पण नाव ओळखीचं असलं, बैठक स्कूटरसारखी असली, तरी ती स्कूटर नव्हे. रस्त्यावर आपल्याला वाचवणारी हाताची सवय पाण्यावर नेमकी उलटी पडते.

कशी, ते बघा. वॉटर स्कूटरला खाली चाक नसतं, बाहेर फिरणारा पंखा नसतो आणि होडीसारखं सुकाणूही नसतं. तिच्या पोटाखाली एक जाळी असते. इंजिन सुरू झालं की आतलं चक्र त्या जाळीतून पाणी ओढून घेतं आणि मागच्या नळीतून जोरात बाहेर फेकतं. आपल्या सोसायटीत टँकरवाला पाइप सोडतो, तेव्हा पाण्याच्या जोराने तो पाइप मागे झटका देतो ना? त्याच झटक्यावर वॉटर स्कूटर पुढे पळते. हँडल वळवलं की मागची नळी वळते, पाण्याचा झोत एका बाजूला जातो आणि गाडी वळते.

म्हणजे वळण्याची सगळी ताकद त्या झोतात आहे. आता समजा, समोर अचानक कुणी पोहणारा आला. रस्त्यावर आपण काय करतो? रेस सोडतो, ब्रेक दाबतो, हँडल वळवतो. पाण्यावर रेस सोडली की झोत थांबतो, आणि झोत थांबला की हँडल कितीही वळवलं तरी गाडी वळत नाही. ज्या वेगात होती त्या वेगात सरळ घसरत जाते, थेट त्या माणसाच्या अंगावर. काही नव्या गाड्यांना ब्रेकची सोय असते, पण बऱ्याच गाड्यांना नसते. असली तरी पाण्यावर जागच्या जागी थांबणं होत नाही. अनेक अपघात असेच होतात: चालवणाऱ्याने घाबरून रेस सोडली, हँडल वळवलं आणि गाडी सरळच गेली.

यावरचा उपाय वेळेवर सुचत नाही, तो आधी ठरवावा लागतो. माणसं, होड्या, खडक यांच्यापासून लांब राहायचं. गर्दी दिसली की बरंच आधी वेग कमी करायचा. आणि अगदीच वळवायची वेळ आली, तर थोडी रेस ठेवूनच वळवायचं. हे हाताला शिकवावं लागतं. म्हणून "पाच मिनिटं तुम्हीच चालवा ना मॅडम" असं कुणी म्हणालं, तर आधी मोकळ्या पाण्यात हळू वेगात दोन-तीन वळणं करून दाखवायला सांगा. ते करायला कुणाला वेळ नसेल, तर हँडल हातात घेऊच नका.

आणखी एक सवय उलटी पडते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. पाण्यावर दोन वाहनं समोरासमोर आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, हा जगभरातला नियम आहे. आपल्या उजव्या हाताकडून कुणी आडवं येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. पुढच्याला ओलांडून जायचं असेल, तर अंतर राखण्याची जबाबदारी ओलांडणाऱ्याची.

आता ती लाल दोरी. हँडलजवळच्या बटणाला गुंडाळीसारखी दोरी लावलेली असते. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायचं असतं. चालवणारा पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर माणूस पाण्यात आणि गाडी पुढे, असं होऊ शकतं. किनाऱ्यावर पुष्कळदा ही दोरी हँडललाच गुंडाळून ठेवलेली दिसते. मैत्रिणींनो, तेवढं एक बघायचं. दोरी हँडल धरणाऱ्याच्या हाताला आहे का? नसेल तर बसायचं नाही.

मुलांच्या बाबतीतही एक दृश्य आपण नेहमी बघतो. लहानग्याला पुढे बसवतात, चालवणारा मागे बसतो, आणि पोराच्या हातात हौसेने हँडल देतात. या गाडीची रेस बोटाने किंवा अंगठ्याने दाबायची असते. घाबरलं की मूल मूठ आवळतं, आणि मूठ आवळली की रेस वाढते. म्हणून चालवणाऱ्याच्या पुढे कुणालाही बसवू नये. ज्या मुलाचे पाय खालच्या पायपट्टीवर सपाट टेकत नाहीत, त्याने मागेही बसू नये. दोन वर्षं थांबलं तर समुद्र कुठे जात नाही.

लाइफ जॅकेट आपण घालतो, पण कसं घालतो? पट्टे सैल, एक बक्कल तुटकं, मुलाला मोठ्या माणसाचं. तपासायची रीत सोपी आहे. सगळे पट्टे आवळा आणि बरोबरच्या मैत्रिणीला खांद्यापाशी धरून जॅकेट वर उचलायला सांगा. ते हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर पाण्यातही तसंच सरकणार. मुलांना मुलांच्याच मापाचं हवं, आणि पोहता येणाऱ्यांनीही ते घालायचंच. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्याआधी २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघं दगावले होते. या दोन्ही वॉटर स्कूटर नव्हत्या. पण पाण्यात काय होणार हे आधी कळत नाही, आणि त्या क्षणी जॅकेट शोधायला वेळ नसतो, एवढं यातून घेण्यासारखं आहे.

आता जे कुणी मोठ्याने सांगत नाही, ते आपण इथे स्पष्ट सांगूया, कारण ते मुख्यतः आपल्याशी संबंधित आहे. बहुतेक वेळा आपण मागच्या सीटवर असतो. एकदम रेस दिली की मागचा माणूस मागे फेकला जातो आणि नेमका त्या नळीच्या समोर पडतो. तो पाण्याचा झोत इतका जोरदार असतो, की योनिमार्गातून किंवा गुदद्वारातून शरीरात घुसून आतल्या अवयवांना गंभीर इजा करू शकतो. ही कुणाची कल्पना नाही. वाहन बनवणाऱ्या कंपन्याच गाडीवरच्या स्टिकरवर हा इशारा छापतात आणि कमरेखाली वेटसूट घालायला सांगतात. पोहण्याचा नेहमीचा पोशाख किंवा पातळ लेगिंग यातून संरक्षण मिळत नाही. वेटसूट मिळाला नाही, तर निदान अंगाबरोबर बसणारी जाड जीन्स घाला. आणि चालवणाऱ्याला आधीच बजावा: "दादा, सगळे नीट धरून बसल्याशिवाय रेस द्यायची नाही." मागे बसताना चालवणाऱ्याला चिकटून बसा, त्याचं जॅकेट किंवा कंबर घट्ट धरा, पाय पायपट्टीवर ठेवा. असा झोत लागून कुणी पडलं आणि पोटात दुखू लागलं किंवा रक्त दिसलं, तर लाजून गप्प बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

ओढणी, पदर, लांब मोकळी वेणी, जॅकेटचे लोंबते पट्टे, यांचाही धोका आहे. इंजिन सुरू असताना खालची जाळी पाणी ओढत असते, आणि पाण्याबरोबर केस आणि कापडही ओढते. केस बांधून आत घ्या, ओढणी किनाऱ्यावर ठेवा. इंजिन चालू असताना पाण्यातून गाडीच्या मागे किंवा खाली जाऊ नका. गरोदर बाईने, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या, पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्या मैत्रिणींनी ही राइड टाळावी. लाटेवर आपटण्याचा दणका थेट कण्याला बसतो.

पाण्यात पडलातच, तर गाडीजवळच थांबा. एकटं पोहत किनाऱ्याकडे निघण्यापेक्षा रंगीत गाडीजवळची माणसं लांबून लवकर दिसतात. इंजिन बंद आहे याची खात्री करून मागच्या बाजूनेच वर चढा. गाडी उलटली असेल तर मागच्या स्टिकरवरच्या बाणाच्या दिशेनेच सरळ करायची, उलट फिरवली तर इंजिनात पाणी जाऊ शकतं. मदतीसाठी ११२, समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे तीन नंबर सहलीच्या आधीच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला.

आता देखभालीकडे येऊ. आपल्या भागातली कितीतरी मुलं आयटीआय करून इंजिनाच्या कामात आहेत. कुणाचा भाऊ किनाऱ्यावर असा व्यवसाय करत असेल, कुणी पुढे करेल. आणि आपण गिऱ्हाईक असलो तरी गाडी निगराणीतली आहे की नाही, हे ओळखता यावं.

खारं पाणी हा या गाडीचा मोठा शत्रू. दिवसाचं काम संपलं की गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावी लागते. आतून धुताना क्रम महत्त्वाचा: आधी इंजिन सुरू करायचं, मग नळ सोडायचा, संपवताना आधी नळ बंद, मग इंजिन बंद. उलट केलं तर पाणी इंजिनात शिरू शकतं. पाण्याशिवाय जमिनीवर इंजिन चालू ठेवलं तर ते तापून खराब होतं. प्रत्येक गाडीचं पुस्तक वेगळं असतं, ते वाचूनच हात घालावा.

गाडी पाण्यात नेण्याआधी मागची बुचं घट्ट लावली आहेत ना, ते बघायचं. नाहीतर गाडी हळूहळू पाणी पीत जाते. बाहेर काढल्यावर तीच बुचं उघडून आतलं पाणी काढायचं. जाळीत काय अडकलंय ते रोज बघायचं. पवनेवरची जलपर्णी आपण जाणतोच. असलं गवत, प्लास्टिकची पिशवी किंवा दोरी जाळीत गेली की गाडीचा जोर जातो. जाळी साफ करताना इंजिन बंद आणि ती लाल दोरी काढलेली हवी. कमरेपेक्षा उथळ पाण्यात इंजिन चालवलं तर वाळू आणि खडे आत ओढले जातात आणि चक्र झिजतं. तेच खडे मागून गोळीसारखे बाहेरही पडतात.

पेट्रोलच्या बाबतीत स्वयंपाकघरातला धडा लक्षात ठेवा. सिलेंडर गळला की गॅस खाली जमिनीलगत साठतो. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड, ती गाडीच्या बंद पोटात साठते. म्हणून पेट्रोल भरताना इंजिन बंद, माणसं खाली उतरलेली, विडी-सिगारेट लांब. भरून झाल्यावर सीट उघडून थोडा वेळ वारा लागू द्यायचा, आणि वास येत असेल तर सुरू करायचं नाही. गाडीत अग्निशामक असायलाच हवा.

आपल्या राज्यात किनाऱ्यावरच्या अशा व्यवसायाला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पावसाळ्यात तो बंद ठेवावा लागतो. चालवणाऱ्यांसाठी गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे शक्तिचलित बोटी चालवण्याचं आणि जीवरक्षणाचं शिक्षण मिळतं. म्हणजे विचारण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे.

तेव्हा पैसे देण्याआधी एवढं विचारा. परवाना आहे का? चालवणाऱ्याने प्रशिक्षण घेतलंय का? प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट आहे का? दोरी कुणाच्या हाताला असणार? पोहणाऱ्यांची जागा आणि गाड्यांची जागा वेगळी आहे का? ज्याचा धंदा चोख आहे, तो या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरंच वाटतं. आणि कुणी "काही होत नाही ताई, बसा" एवढंच म्हणाला, तर पैसे परत पर्समध्ये ठेवा, मुलांना घेऊन पुढे चला आणि शहाळं प्या. सहल तशीही छान होते.